अंगाबराबर

सुमन सिस्टर इंजेक्शन द्यायला बसली की लेकरं सुई टोचायच्या आधीच रडायला लागत. दंडावर जागा बघायला ती दोन बोटं टेकवायची आणि ती बोटं इतकी गार असायची की पोरगं किंचाळून आईला बिलगायचं. मग सिस्टर शांतपणे म्हणायची, "रड बाबा, रडून घे. आता सुईचं काही वाटायचं न्हाई." आणि खरंच वाटायचं नाही.

मी त्या आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट म्हणून रुजू झालो तेव्हा कळमनुरी तालुका परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा व्हायचा होता. नवी नोकरी, नवा पांढरा कोट, त्यामुळे अक्कल भरपूर. तिची गार बोटं आणि सकाळी कायम ओली असलेली वेणी बघून मी पहिल्याच आठवड्यात निदान केलं, "सिस्टर, तुमच्या अंगात रक्त कमी आहे." आणि लोहाच्या गोळ्यांची पुडी हातात दिली. तिनं ती मुकाट घेतली आणि माझ्यासमोरच रांगेतल्या एका गरोदर बाईला दिली. "ज्याच्या अंगाबराबर त्याला," एवढंच म्हणाली.

हा तिचा शब्द. औषधाचा डोस अंगाबराबर, लेकराला रागावणं अंगाबराबर, मयताच्या घरी जाऊन रडणंसुद्धा अंगाबराबर. "जास्ती रडनाऱ्या बाईवर नजर ठेवा, भाऊ," असं ती मला एकदा म्हणाली. "ती घरच्या दुसऱ्याच कुनासाठी रडून राहिली असती."

तिच्या ओल्या वेणीचं खरं कारण मला किसन भोयानं सांगितलं. किसन धरणात मासे धरायचा. "सिस्टर व्हय? ती रोज पहाटंच पान्यात असती. आमच्या जाळ्यात मासळी कमी न् तीच जास्ती." आमच्या केंद्रापासून इसापूर धरणाचं पाणी हाकेच्या अंतरावर होतं. त्या पाण्याखाली तिचं गाव होतं. त्याचं नाव ती घेत नसे, नुसतं 'गाव' म्हणायची. धरण भरलं त्याच्या आधी तिची आई वारली आणि गावाबाहेरच्या टेकाडावर, चिंचेखाली, तिला माती दिली. पाणी चढलं, गाव गेलं, टेकाडही गेलं. चिंचेचा वाळलेला शेंडा तेवढा वर राहिला. त्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले असत आणि लांबून ते झाड कुणी वाळत घातलेल्या कपड्यांसारखं दिसे.

ती पोहायला शिकली ती नदीच्या डोहात, पाठीला भोपळा बांधून. गावच्या विहिरीला तिच्या माणसांनी शिवायची सोय नव्हती. "आता रोज त्या हिरीवरून पोहत जाते," ती म्हणायची, "खाली वाकून बघतबी न्हाई."

रोजचं पोहणं काठाकाठानं. पण पौषात, आई गेली त्या तिथीला, ती पार चिंचेपर्यंत जायची. मी विचारलं होतं, किसनच्या नावेतून का जात नाही?

"नावेत पाव्हना बसते, भाऊ. मी आईकडं पाव्हनी जाऊ?"

"मग उन्हाळ्यात जा. पाणी हटलं की टेकाड उघडं पडतं. चालत जाता येईल."

"उन्हाळ्यात तिथं गाळपेर करतेत. ज्याच्या पट्ट्यात येईल तो कलिंगडं लावते. आईवरून नांगर चाललेला बघाया जाऊ?" मग म्हणाली, "पानी हाय तवर ती जागा आईची."

 मी कपाटातल्या बाटल्या पुसायला घेतल्या.

एका पौषात किसननं तिला नावेत आडवी टाकून काठावर आणलं. ओठ जांभळे, बोटांच्या मुठी वळलेल्या, दातखीळ. आम्ही शेकशेगडी केली, घोंगड्यात गुंडाळलं. डॉक्टरांनी सांगितलं की आता वय झालं, थंड पाण्यात एवढा वेळ राहिलात तर पुढच्या वेळी हृदय थांबेल. तिनं ऐकून घेतलं. संध्याकाळी मला म्हणाली, "पुढच्या पौषाला न्हाई गेले तर ती वाट बघंल, भाऊ." आईबद्दल बोलताना ती कधीच 'होती' म्हणत नसे.

आणि इथं माझी अक्कल पुन्हा जागी झाली. माझा मावसभाऊ सुधीर मुंबईला बंदरात पाणबुड्यांच्या सामानाच्या दुकानात होता. मी छाती काढून सांगितलं, "सिस्टर, पाणबुडे घालतात तसा रबरी स्पंजाचा वेटसूट मिळतो. अंगाला चिकटून बसतो. आत थोडं पाणी शिरतं, ते अंगाच्या उबेनं गरम होतं आणि गरमच राहतं. बर्फातसुद्धा माणूस पोहतो." हे सगळं मी सुधीरकडून ऐकलेलं. मला स्वतःला गुडघाभर पाण्यातही धाप लागते.

"अंगाबराबर मिळंल?" तिनं विचारलं.

"तंतोतंत," मी म्हणालो.

मापं घ्यायला आम्ही आखाडा बाळापूरच्या बाजारात मुनीर मास्टरकडे गेलो. तिचे ब्लाउज तोच शिवायचा. त्याच्या बायकोनं पडद्यामागं टेप लावली, मापं सांगितली, मास्टरनं लिहिली. परतताना मी कागद बघितला आणि मनात म्हटलं, एवढी महागाची वस्तू, पुन्हा पुन्हा का घ्यायची आहे? आमच्या घरी लहानपणी सगळे कपडे वाढत्या अंगाचे घेत. शाळेची चड्डी चौथीत घेतली ती सातवीत अंगाला आली. मी प्रत्येक मापात थोडं वाढवलं आणि मुंबईला पाठवलं.

सूट यायला दिवाळी उलटली. पार्सल फोडलं तेव्हा केंद्रातली सगळी माणसं जमली होती. सिस्टर तो घालून आतल्या खोलीतून बाहेर आली. सोललेल्या रेड्याचं कातडं खांबाला टांगावं तसा तो तिच्या अंगावर लोंबत होता. ढोपरापाशी घड्या, पोटापाशी पिशवी. दारातलं कुत्रं भुंकत सुटलं.

"भाऊ," ती खाली बघत म्हणाली, "ह्याच्यात अजून एक सिस्टर मावती."

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मी वाढवलं होतंच. मुनीर मास्टर म्हणाला, "बाईमानसाचं कापड हाय साहब, अंगाला चिकटलेलं बरं दिसत न्हाई, म्हनून मी बी दोन दोन बोटं ढिलं लिव्हलं." आणि सुधीरनं फोनवर सांगितलं की गावाकडची बाई घालणार म्हणून त्यानं विचार करून एक नंबर मोठाच दिला. तिघांनीही भलेपणानं वागून एका बारीक बाईसाठी पहिलवानाचा सूट आणला होता. बाईला अंगाला चिकटणारा कपडा कसा द्यायचा, हा प्रश्न त्या दोघांना पडला, आणि पुन्हा खर्च कसा टाळायचा, हा मला. थंडी कुणाला लागणार, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

तरी तिनं तो घालून पाण्यात उतरून बघितलं. गळ्यातून पाणी शिरलं, पाय हत्तीसारखे फुगले, आणि उबेऐवजी ती गार पाण्याचं पोतं ओढत काठावर आली. पौष तोंडावर आला होता. ती पायरीवर बसून बाही पिळत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

शेवटी मुनीर मास्टरनंच हट्टानं तो सूट मागून घेतला. ह्या वेळी त्याच्या बायकोनं सूट सिस्टरच्या अंगावरच उलटा चढवून, चिमटीत धरून खडूच्या खुणा केल्या. मास्टरनं कापला, नायलॉनच्या दोऱ्यानं शिवला, आणि टाक्यांच्या भोकांवर शेजारच्या सायकलवाल्यानं पंक्चरचं सोल्युशन लावून रबराच्या पट्ट्या डकवल्या. सूट ठिगळाठिगळांचा झाला, पण चढवायला दोन बाया आणि अर्धा डबा पावडर लागली, एवढा घट्ट बसला. सिस्टरनं हात वरखाली केले. श्वास घेतला. आणि हळूच म्हणाली, "आईनं पोटाशी धरल्यावानी झालं."

काठाशी उतरून बघितलं तर ती बुचासारखी तरंगायला लागली. हातपाय न हलवता. मी वरून ओरडलो, "बघा, आता बुडायची भीतीच नाही." ती उताणी पडून आभाळाकडे बघत होती.  मला वाटलं, खूश आहे.

त्या पौषातल्या सकाळी पाण्यावर धूर होता. मी काठावर थर्मास आणि घोंगडं घेऊन उभा. किसननं नाव तयार ठेवली होती, पण लांब राहायचं असं तिनं बजावलं होतं. ती गेली. काळं डोकं, काळे हात, एकसारखे. थोड्या वेळानं चिंचेवरचे पाणकावळे एकदम उडाले, म्हणजे ती पोचली. मी निवांत झालो, स्वतःसाठी चहा ओतला.

मग धूर जरा विरळ झाला आणि मला ती दिसली. झाडापासून अलीकडे, पालथी, हात दोन्हीकडे पसरलेले, पाय लांब. हलत नव्हती. लाटेबरोबर एक हात वर व्हायचा आणि खाली पडायचा.

माझ्या हातातला चहा कुठं गेला मला आठवत नाही. मी किसनच्या नावानं ओरडत पाण्यात शिरलो आणि कमरेइतक्या पाण्यात पोचताच आपल्याला पोहता येत नाही हे आठवून तिथंच उभा राहिलो. किसननं नाव हाणली. वल्हं खाली घातलं आणि तिला वर उचललं. ती दुमडली, मधोमध, कापडासारखी. किसननं माझ्याकडे बघितलं. वल्ह्यावर नुसता सूट होता, त्याची चेन पाठीवर उघडी.

चिंचेपाशी पाणी सपाट होतं. एक पाणकावळा परत येऊन बसला. तेवढा लांबलेला वेळ मी आयुष्यात पुन्हा कधी जगलो नाही.

मग फांदीला धरलेला हात दिसला. किसननं तिला नावेत ओढून घेतलं. अंगावर तिच्या मुलाचा जुना टी-शर्ट आणि सलवार, ओठ जांभळे, उजवी मूठ घट्ट मिटलेली. काठावर आल्यावर मी घोंगडं पांघरलं आणि बहुतेक मी तिला रागावलो.

"खाली जाऊ देईना, भाऊ," ती दात वाजवत म्हणाली.

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं ती चिंचेपर्यंत नुसती जात नव्हती. तिथं दोन पुरुष खोल पाण्यात बुडी मारून ती टेकाडाच्या मातीला हात लावून येत होती.

"बुडी मारली की कुनीतरी पोटाला हात लावून वर लोटायचं. तीनदा लोटलं."

मी फार्मासिस्ट. मी सांगायला लागलो की त्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात, त्यामुळे ते तरंगतं.

"रबराचं मला कळते," ती म्हणाली. "मी हाताचं सांगून राहिले. आईला वळखूच आले न्हाई मी. कोन काळं आलंय म्हनून लोटून राहिली. मंग काढला." मूठ तिनं शेवटपर्यंत उघडली नाही. बोटांच्या फटीतून काळा गाळ मनगटावर उतरत होता. मग नावेकडे बघून ती कसनुशी हसली, "येताना पाव्हनी झाले बघा."

पुढच्या वर्षी मी सुधीरला विचारून नवी युक्ती काढली. पाणबुडे कमरेला शिशाचे तुकडे बांधतात, मग सूट खाली जाऊ देतो. तिनं मान हलवली. "दगड बांधून पान्यात गेलेल्या बाया मीच साफ केल्यात, भाऊ, पंचनाम्याआधी. तसं जायाचं न्हाई मला." सूट धुऊन, घडी घालून तिनं माझ्या टेबलावर ठेवला. त्या पौषात ती काठावर बसून राहिली, पाय पाण्यात सोडून. त्यानंतर दर पौषात तशीच. बोटं मात्र गारच राहिली.

ती निवृत्त होऊन नांदेडला मुलाकडे गेली. हिंगोली जिल्हा झाला, केंद्राला नवी पाटी आली. बऱ्याच वर्षांनी एका पावसाळ्याच्या शेवटी तिच्या मुलाचा निरोप आला म्हणून दवाखान्यात भेटायला गेलो. तापानं फणफणली होती. मी हात हातात घेतला आणि दचकलो. पहिल्यांदाच तिची बोटं गरम लागली.

"पौष लागला का, भाऊ?"

"अजून अवकाश आहे, सिस्टर."

"मंग ठीक," ती म्हणाली. दोन दिवसांनी गेली.

मुलानं मूठभर राख माझ्याकडे दिली. पौष लागल्यावर किसन मला नावेतून चिंचेपर्यंत घेऊन गेला, पाहुण्यासारखं. झाडाचा शेंडा आता मोडला होता, बोटभर टोक तेवढं वर होतं. राख पाण्यावर सोडली तर ती पसरून तरंगत राहिली, खाली जाईना. किसन म्हणाला, "हातानं दाबा, साहेब." मी बाही सरकवून हात कोपरापर्यंत घातला आणि राख खाली नेत राहिलो, पाणी काळं दिसेपर्यंत. हात बाहेर काढताना वाटलं तसा तो सहज निघाला नाही. माझा आपला अंदाज.

बाळापूरला घरी आलो, चहा घेतला, उन्हात बसलो, जेवलो. दुपारी नात पाळण्यात जागी झाली म्हणून तिच्या दंडाला दोन बोटं लावली. ती किंचाळून रडायला लागली.