पिल्लू आत, आई टपावर

पुणं सोडलं तेव्हा कॅराव्हॅनचं चाक माझ्या हातात होतं आणि शेजारी आमचे हे गप्प बसले होते. झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेली ही गाडी भाड्याने घेण्याची हौस त्यांची. पण मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून गाडी चालवणं, बाजार, एकट्याने फिरणं सगळं मी त्यांचं बंद केलेलं. डॉक्टरांनी केव्हाच मोकळीक दिली होती. मी दिली नव्हती. देहूरोड मागे पडलं, डोंगर दिसू लागले, तसे हे हळूहळू बोलते झाले.

लोणावळ्यात तुंगार्लीच्या तळ्याकाठी थांबलो. एका बाईच्या हातातली चिक्कीची पिशवी माकडाने ओढली. तीही सोडेना. त्याने दात विचकले तेव्हा मात्र पिशवी तिथेच टाकून बाई गाडीत जाऊन बसली. मी लगेच नियम केला: माकडं दिसली की आधी दार लावायचं, मग बाकीचं बोलायचं.

मुक्काम मात्र थोडं मागे येऊन कार्ल्याला, तिथल्या शेतकरीण हिराबाईंच्या शेतात. भात कापून झाला होता आणि खाचरं (बांध घातलेली भाताची शेतं) मोकळी पडली होती. मी आंब्याखाली सावली बघून गाडी लावायला निघाले, तर हिराबाईंनी हाताने थांबवलं.

"तितं नगं, ताई. घराम्होरं लावा, उजेड ऱ्हातो."

"बिबट्या येतो का हो इथे?"

"वाघरू व्हय? येतंय की कवा कवा, कुत्र्यांपायी. अंधार पडल्यावर येकटं फिरू नगा, खरकटं भाईर टाकू नगा. मंग तुमच्याकडं काय काम त्याचं?"

मावळात बिबट्याला वाघरूच म्हणतात. नावानेच ते घरातलं वाटायला लागतं, पण माझी भीती काही कमी झाली नाही. हिराबाईंच्या चुलीवरची तांदळाची भाकरी आणि ठेचा खाल्ला, भांडी घासली, कचऱ्याची पिशवी गाठ मारून आत घेतली, चपलासुद्धा आत घेतल्या.

"चपला खातो का बिबट्या?" यांनी विचारलं.

"वास लागतो."

"मग बाहेरच ठेव. जवळपाससुद्धा फिरकणार नाही."

बऱ्याच दिवसांनी हे माझी अशी खेचत होते, म्हणून मी रागावले नाही. झोपही छान लागली.

सकाळी हे आत चहा करत होते आणि मी बाहेर मटार सोलत होते. डोंगराच्या बाजूने माकडांची टोळी बांधावर उतरली. मी मटार तसेच टाकले, धावत जाऊन गाडीचं दार आपटलं आणि लांब सरले. माणूस आत, बाकीचं खाणं आत. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात आतून किंचाळी आली. यांची नव्हे. खिडकीच्या पडद्याला माकडाचं पिल्लू लोंबकळत होतं. मी दार लावण्याआधीच ते आत शिरलं होतं. बाहेर त्याची आई दाराच्या पायरीवर येऊन बसली. मी एक पाऊल टाकलं तर ती अंगावर धावली. दार उघडलं तर ती यांना फाडेल, नाही उघडलं तर पिल्लू चावेल, आणि या धसक्याने यांच्या छातीत काही झालं तर?

हिराबाई काठी घेऊन पळत आल्या, पण काठी उगारली नाही. "दाजी, पिल्लाला हात लावू नगा," त्या ओरडल्या.

"अहो, खाली बसा. काही करू नका," मी रडवेली होऊन म्हणाले.

"तू गप्प राहा जरा," आतून शांत आवाज आला. "छताची झडप उघडतो."

ती झडप हँडल फिरवून वर जाते. हात डोक्यावर नेऊन जोर लावायचा, म्हणजे मी यांना कधीच करू दिलं नसतं ते काम. काचेतून मला त्यांचा दंड दिसत होता. फट रुंदावली तशी आई पायरीवरून टपावर चढली. हे सावकाश खाली सरकले आणि चादर अंगावर घेऊन बाकावर आडवे झाले. तिने आत हात घातला. पिल्लू पडद्यावरून कपाटावर, कपाटावरून तिच्या पोटाशी. क्षणात टोळी बांधापलीकडे गेली.

मी दार उघडलं आणि आधी त्यांची नाडी धरली.

"तुझीच जोरात चालली आहे," हे म्हणाले. "चहा उकळून गेला. दुसरा टाकतो."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. हिराबाईंनी काठी टेकून तिथेच चहा घेतला आणि "दाजी लय थंड डोस्क्याचे हाईत" असं प्रशस्तिपत्र दिलं. हे दिवसभर त्यावर खूष होते.

परतताना चाक यांच्या हातात होतं. मी शेजारी बसून इंद्रायणीकडे बघायचं ठरवलं, आणि निम्मा वेळ ते जमलंही. जंगली जनावरांपासून माणसाला जपायचं कसं हे मी शिकून आले होते: उजेड, बंद डबे, उचललेलं खरकटं. जपलेल्या माणसाला मोकळं कसं सोडायचं, ते मात्र अजून जमत नव्हतं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी यांनी पायात चप्पल अडकवली. "जरा फिरून येतो."

मी उठले, आणि परत बसले.

"येताना कोथिंबीर आणा," म्हटलं.