बांधावरून फेकलेली मूठ

शेणव्याच्या थांब्यावर मी शहापूरच्या एसटीची वाट बघत होतो, तेव्हा एक बाई शेजारी येऊन बसली. तिशीची असेल. मांडीवर इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक होतं. गाळलेल्या जागी 'वी' (we) लिहायचं की 'अस' (us), एवढंच ठरवायचं होतं. ती मात्र आधी हातवारे करायची. उजवं मनगट झटकलं की 'वी', डावा पंजा पसरला की 'अस'. एकही उत्तर चुकत नव्हतं.

तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे दुसऱ्याच्या पुस्तकात डोकावायची मला वाईट खोड आहे. "कर्ता कुठला, कर्म कुठलं, कसं ओळखता?" मी विचारलं.

"त्यातलं मला काय ठाव नाय, काका. आवणीला बांधावरून भाताच्या रोपांची मूठ फेकतो ना, तो वी. चिखलात उभा राहून झेलतो, तो अस."

मी बाटली काढून उगाच दोन घोट पाणी प्यायलो. माझ्या फळ्यावर एवढं सोपं वाक्य कधी उमटलं नव्हतं.

"आणि तुम्ही कुठे असता आवणीला?"

"लग्न झाल्यापासून चिखलातच," ती हसली. "आज मुरबाडला रिसॉर्टवर इंटरव्ह्यू हाय. बघू, फेकायला जमतं का."

मुरबाडची गाडी आधी आली. तिने खिडकी पकडली आणि गाडी हलताना माझ्याकडे बघून उजवं मनगट झटकलं.

माझे दोन्ही हात आपोआप पुढे झाले.