चपला गोठ्याबाहेर

नेकनूरच्या अलीकडं आमची गल्ली. इथं किस्से गोळा करत फिरावं लागत नाही, ते आपणहून साचतात. भिंतीला कान लावायचीही गरज नाही, भिंतच बुटकी आहे!

परवा गिरणीत दळण टाकून उभी होते. पुढची बाई म्हणाली, "त्या दूध काढायच्या मशीनपायी दत्तूच्या शोभानं घर सोड..." आणि गिरणी सुरू झाली! दत्तू-शोभा म्हणजे माझे भिंतीपलीकडचे शेजारी. डबा तिथंच ठेवून निघाले. मागचं चालता चालता सांगते.

*

मशीन आली, तेव्हा दत्तूनं तिची पूजा केली. सडांना लावायच्या रबरी कपांत कुंकू, पाइपात झेंडूचं फूल! पहिली धार गुलाबी आली. दूध केंद्रावरच्या नानानं कॅन परत केला.

"दत्तूभाऊ, म्हशीला सवाष्ण केली का काय?"

*

मग दुधाला वास यायला लागला. दत्तूचा उपाय तयार: गोठ्यात मोगऱ्याची उदबत्ती!

नानानं झाकण उघडलं. "आता दुधाला देवघराचा वास कावून येतोय?"

दत्तू कौतुकानं हसला. नाना हसला नाही. "अजून एकदा परत गेलं तर तुमचं दूध कायमचं बंद."

सगळं घर त्या दुधावर चाललेलं.

*

दुसऱ्या दिवशी शोभानं मशीनच उघडली. वाकड्या पाइपाच्या कोपऱ्यात शिळं दूध चिकटून बसलेलं! लावला मशीनवाल्याला फोन.

"मला सरळ पाइप पायजे. आतलं दिसणारा."

"ताई, डिझाईन कंपनीचं हाय."

"कंपनी धार काढाया येती का?"

पाइप आला! कप भांड्यांच्या मांडणीत उलटे वाळू लागले, आणि न्हाणीतला गीझर गोठ्यात गेला. दत्तू ओरडला, "मशीनला गरम पाणी आन् मला गार?"

"तुमचं दूध कोण घेणार हाय?"

*

मधेच एक पुढारी आले, आधुनिक गोठ्यात फोटो काढायला. दारात पाण्याची बादली बघून सायबांना वाटलं, पाय धुऊन स्वागत! ऐटीत पाय पुढं केला.

शोभानं त्यांच्या हातात घासणी दिली. "तुमीच घासा. आन् तोंडातला गुटखा भाईर."

सायबांचा फोटो शेवटी गोठ्याबाहेर, रस्त्यावरच निघाला.

*

तर मी पोचले. घरात दत्तू एकटाच, करपलेला चहा ढवळत बसलेला. मी दारातूनच विचारलं.

"शोभा माहेरी गेली का रे?"

त्यानं मानेनंच गोठा दाखवला. लखलखीत फरशी, वर पंखा, खाली खाट आणि खाटेवर शोभा! मला बघून ओरडली, "आक्का, चप्पल!"

म्हणजे घर सोडलं हे खरंच. माहेरचं तेवढं मी माझ्या मनानं जोडलेलं.

"दूध पास होईस्तोर इथंच निजणार म्हनती," दत्तू म्हणाला. तेवढ्यात नानाचा फोन आला. सकाळचं दूध घेतलं होतं. लई चोख!

दत्तू पळतच गोठ्याच्या दारात गेला. "शोभे, झालं की पास! चल घरी."

शोभानं त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "दूध झालं. तुमचं काय?"

दत्तूनं चपला काढल्या आणि गुमान दोन्ही हात पुढं केले, नखं वर करून.