देव पारोसा ठेवायचा ठरला होता

आमच्या गावच्या देवस्थानच्या अध्यक्षांनी दर्ग्याच्या मुजावराला फसवलं. मलाही फसवलं, पण माझं सोडा. मी जनावरांचा व्यापारी, फसणं आणि फसवणं आमच्या बाजारात रोजचं आहे. मुजावर बाजारात कधी उभाच राहिलेला नाही.

गाव बारामती-इंदापूर रस्त्याच्या आत आहे. एका काठाला देऊळ, समोरच्या काठाला दर्गा, मधून ओढा. ओढ्यात एक डोह आहे. चैत्रात देवाची यात्रा भरते, तेव्हा देवाच्या आंघोळीची पहिली घागर मुजावराच्या घरचं माणूस त्या डोहातून भरतं आणि देवळाच्या पायरीवर आणून ठेवतं. उरुसाला मजार धुवायचं पाणी देवळाचा गुरव त्याच डोहातून दर्ग्यात पोचवतो. हे कधीपासून चालू आहे ते कुणालाच माहीत नाही, आणि आजवर कुणी विचारलंही नव्हतं.

वरच्या अंगाला मळीपासून स्पिरिट काढणारा एक कारखाना आला आणि डोहाचं पाणी चहासारखं दिसायला लागलं. मला ते सगळ्यांच्या आधी कळलं, ते माझ्या गायींमुळे. गिऱ्हाईक दावणीशी उभं असताना गाय पाण्याला तोंड लावते आणि झटक्यात मागं घेते. गिऱ्हाईक म्हणतं, जनावर आजारी दिसतंय. म्हणजे मी काही पुण्य कमवायला यात पडलो नाही. माझा धंदा बसत चालला होता.

मग कारखाना वाढवायचा ठरला. त्यासाठी जिल्ह्याचे अधिकारी येऊन लोकांच्या हरकती ऐकणार, अशी दवंडी फिरली. अर्ज देऊन देऊन गाव दमलं होतं. मी म्हटलं, अर्ज आता पुरे. आपल्याकडं वजन कशाचं आहे ते बघा. मी अध्यक्षांना आणि मुजावराला माझ्या गोठ्यात बोलावलं. अध्यक्षांना सगळं गाव तात्या म्हणतं आणि मुजावराला चाचा.

"तात्या, देव पारोसा ठेवा," मी म्हटलं.

तात्या खाटेवरून उठलेच. "शेट, गायी विकता विकता आता देवाला हात घालता व्हय?"

"ह्या पाण्यानं तुमी सोता आंघोळ करता का?"

"न्हाय."

"मग देवाला का घालता?"

चाचा हसले. म्हणाले, "तात्या, आमचा बाबा बी पारोसा ऱ्हाईल. दोघं संगंच ऱ्हातील, येकमेकाला सोबत हुईल."

तात्यांनाही हसू आलं. तिथंच ठरलं. सुनावणीत आधी तात्यांनी उठायचं आणि सांगायचं, की ओढा स्वच्छ होईपर्यंत आमचा देव पारोसा राहील. लगेच चाचांनी उठून मजारीचं तेच सांगायचं. देव यात्रेत पारोसा, ही बातमी तालुकाभर झाली असती. मग आमची एकच मागणी, सांडपाणी शुद्ध करायची सोय आधी आणि कारखान्याची वाढ नंतर, आणि ही अट परवानगीतच आली पाहिजे. साहेबांचा तोंडी शब्द नको. तोंडी शब्दाचं काय होतं ते मला कुणी शिकवायला नको.

चाचा म्हणाले, "ग्रामसभेत ठराव घेऊ का? समद्यांच्या म्होरं?"

तात्या आणि मी एकदम नको म्हणालो. बैलबाजारात सौदा रुमालाखाली होतो. एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतो, शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. ग्रामसभेत बोललो तर आमचा डाव संध्याकाळच्या आत कारखान्यात पोचला असता. म्हणून मी खांद्यावरचा रुमाल काढला, त्याखाली दोघांचे हात एकमेकांत दिले आणि वरून माझा ठेवला. चाचांना ती पद्धत नवीन होती. त्यांनी हात लवकर सोडलाच नाही.

सुनावणीला मांडव घातला होता. पंखे, गार पाण्याच्या बाटल्या, पुढं सोफे. तात्या पहिल्या सोफ्यावर बसलेले दिसले तेव्हाच मला शंका आली. पण यात्रेच्या गावचा अध्यक्ष, त्याला मान देणारच, अशी मी मनाची समजूत घातली.

तात्या उठले. माईक हातात घेतला. म्हणाले, "देवाच्या आंघुळीची आमाला काळजी हुती. कारखान्यानं देवस्थानाला पाणी शुद्ध करायचं मशिन द्यायचं कबूल केलंय. देवाची सोय झाली. आमची काय बी हरकत न्हाय."

टाळ्या पडल्या.

चाचांना तिथंच गप्प बसता आलं असतं. माझी नजर त्यांनी चुकवली असती तरी मी समजलो असतो. पण ते उठले आणि ठरलं होतं तेवढं सगळं बोलले, एक शब्द न गाळता. ओढा साफ हुईस्तवर आमी मजारीला पाणी घालणार न्हाय. मागून कुणीतरी ओरडलं, "देवळाची हरकत न्हाय, मग कारखाना ह्यांनाच बरा टोचतोय?" त्यावर हशा झाला. ज्यांच्या घरचं लग्न चाचांनी दर्ग्यात फातेहा पढल्याशिवाय पार पडत नाही, ती माणसंही त्यात होती.

मी उठलो आणि नको ते बोललो. माझा आवाज मुळातच मोठा. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "देवस्थान आणि दर्ग्याचा एकत्र ठराव झाला होता म्हणता, तर दाखवा." दाखवायला काय होतं माझ्याकडं? रुमाल? तो खांद्यावरच होता. अधिकाऱ्यांनी दर्ग्याची हरकत लिहून घेतली. फक्त दर्ग्याची. जी ओढ्याची बाजू होती ती त्या दिवसापासून एका जमातीची बाजू झाली.

कारखान्याला परवानगी मिळाली. आमची अट तीत नाही. चाचांना आता चहाच्या टपरीवर लोक विचारतात, "काय चाचा, कारखान्यावर लय राग?" ते हसून चहा संपवतात. पूर्वी तिथं तासभर बसायचे.

यात्रेच्या सकाळी मी डोहावर गेलो. चाचा घासलेली तांब्याची घागर घेऊन काठावर उभे होते, रिकामीच.

"भरायची न्हाय, आपलं ठरलंय," ते म्हणाले. "पर यायचं न्हाय, असं कुठं ठरलंय?"

पलीकडं देवळात घंटा वाजल्या. मशिनच्या पाण्यानं आंघोळ झाली होती. चाचांनी घागर पालथी करून काखेत धरली आणि घरी गेले. मला बोलायचा कंटाळा आला होता, मला, ज्यानं एका गाईसाठी अख्खा बाजार उठेपर्यंत घासाघीस केली आहे.

उरूस आला. मजार पारोसीच राहिली. गुरव संध्याकाळी दर्ग्याच्या दारात येऊन हात जोडून गेला. त्याच्या हातात कळशी नव्हती. एवढा एकच माणूस देवळाकडून आला.

तात्यांना मी दोनदा गाठलं. एकदा म्हणाले, "शेट, गावाचं बघावं लागतं." दुसऱ्या वेळी मोटारसायकल थांबवलीच नाही. गावाचं बघितलं म्हणता, मग ओढ्याकाठच्या विहिरी कुणाच्या गावात आहेत? मशिनचा नळ देवळाच्या आवारात आहे. माझ्या गायींनी तिथं येऊन रांग लावायची का?

मला तुमच्याकडून माफी नको, तात्या. तिचं मी काय करू? सुनावणीत तुम्ही माईकवर बोललात, तसंच ग्रामसभेत माईकवर बोला. गोठ्यात रुमालाखाली तुमचा हात होता की नव्हता, एवढंच सगळ्यांसमोर सांगा. होता म्हणालात तर ती हरकत एकट्या दर्ग्याची नव्हती, गावाची होती, हेही लेखी द्या, अधिकाऱ्यांच्या नावानं. आणि नव्हता म्हणणार असाल, तर चाचांना शेजारी उभं करून म्हणा. पुढच्या चैत्रात ते पुन्हा रिकामी घागर घेऊन डोहावर येणार आहेत. त्यांना उत्तर तुम्ही द्यायचं आहे.