आठ बांगड्यांचा एक वाटा

"बांगडे सांगतंस काय वाटे?"

नेटच्या स्पीडबद्दल कुणी तोंड उघडलं की आमचा हा शेजारी आधी उजव्या हाताचं बोट वर करायचा आणि मग हा प्रश्न टाकायचा. आचऱ्याच्या तिठ्यावर मी झेरॉक्सचं दुकान चालवते, भिंतीला भिंत लावून त्याचं फायबरचं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं. जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढलेला माणूस, निवृत्तीनंतर खाली बसून करणार काय? वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा, पण त्याला अहोजाहो करणं मला कधी जमलं नाही. तुम्ही कधी माझ्याकडे फॉर्म भरायला आला असाल, तर ते बोट तुम्ही पाहिलंच असेल.

गोष्ट साधी होती. फायबरवाले स्पीड मोजतात बिटमध्ये, आणि डिस्क, पेनड्राइव्ह वगैरे मंडळी मोजतात बाईटमध्ये. आठ बिटांचा एक बाईट. हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून त्याच्या घशाला कोरड पडली, तेव्हा त्याने बिटाचा बांगडा केला आणि बाईटचा वाटा. मासेवाली ढीग लावून विकते, तो वाटा.

"कंपनी तुका सेकंदाक दोनशे बांगडे दिता. आठान भाग. वाटे झाले पंचवीस. मगे फसवल्यानी म्हणान बोंब कित्याक मारतंस?"

एवढ्यावर थांबेल तर तो कसला. समोर बसणाऱ्या मासेवालीचा वाटा पाच बांगड्यांचा असायचा. हा तिच्याकडे गेला आणि म्हणाला, "बाय, वाटो आठाचो कर. लोकांका शिकवूक सोपा पडता." ती म्हणाली, "तुझ्या कॉम्प्युटरासाठी तीन बांगडे मी खंयसून हाडू?" आठवडाभर दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. मला तर हसून हसून धड झेरॉक्स काढता येईना.

मग एका दुपारी फिलोमिना टीचर आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, याला चौथीत शिकवलेल्या. पिशवीत नॅपकिनमध्ये गुंडाळलेली जुनी हार्डडिस्क होती. टीचरांचे मिस्टर लग्नांचे व्हिडिओ काढायचे. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि त्यांचं सगळं काम त्या एकाच डिस्कमध्ये होतं. टीचरांनी त्यासाठी घरी सर्वांत मोठं फायबर घेतलं होतं. त्यांना वाटलं, त्याने डिस्क भराभर रिकामी होईल आणि परदेशातल्या मुलीला सगळं लगेच पोचेल.

"टीचर, हायवे कितीय रुंद करा, तुमचा सामान साकवावरसूनच येतला," तो म्हणाला. साकव म्हणजे आमच्याकडचा ओढ्यावरचा चिंचोळा पूल. इथे साकव म्हणजे त्या जुन्या डिस्कची पट्टीसारखी केबल.

त्याने डिस्क जोडली. ती टकटक करू लागली. त्याने तिच्यावर तळहात ठेवला, तापलेल्या पोरावर ठेवावा तसा. "ही तासभर टिकतली. चड नाय." पडद्यावर स्पीडचा आकडा आला, दहा. याची बोटं लगेच हलली. आठाने भागलं, पुन्हा गुणलं, आणि त्याचा चेहरा पडला. "सगळा उतरूक आठ तास होये. आठातला एक गावतला. काय घेऊ ता तुमी सांगा."

डिस्कमध्ये त्यांच्या मुलीचे वाढदिवस होते, चर्चच्या सणाचं, फेस्ताचं घरचं जेवण होतं, आणि गावभरची लग्नं.

"लग्ना घे," टीचर म्हणाल्या.

"लोकांची लग्ना? चेडवाचे वाढदिवस सोडून?"

"घरच्या व्हिडिओत माझो नवरो गप्प आसा. लोकांच्या लग्नात बोलता."

मी झेरॉक्सच्या मशीनकडे तोंड फिरवलं. मला रडू आलं होतं.

तासात बसतील म्हणून निवडलेली लग्नं सात मिनिटांत उतरली. मग उरलेली लग्नं उतरली, वाढदिवस उतरले, फेस्त उतरलं. तास पुरा व्हायच्या आत सगळी डिस्क रिकामी, आणि हा खुळ्यासारखा बघत बसलेला. मी वाकून पडदा वाचला. आकड्यापुढे बाईट लिहिलेलं होतं.

"बाबा रे, हे वाटेच होते. तू वाट्यांका परत आठान भागलंस."

टीचरांनी चष्मा सारखा केला. "चौथीत पण भागाकारात तुझा असाच होता. उभो रव. कान धर."

आणि तो उभा राहिला हो, साठीचा माणूस, दोन्ही कान धरून. रिचार्जला आलेलं गिऱ्हाईक दारातूनच परत फिरलं.

मग आम्ही एक लग्न लावलं. कॅमेऱ्यामागून खणखणीत आवाज आला, "नवऱ्यानू, मान वर." टीचरांनी माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात चित्रात एक काळ्याभोर केसांचा तरुण शिरला, आइस्क्रीमचा कप चाटत, अगदी नवरीच्या पुढ्यात. आवाज चिडला, "ए टेलिफोना, बाजूक सर रे, नवरी दिसना नाय." तो म्हणजे हाच. कान सोडून तो खुर्चीत बसला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

गेल्या वर्षी तो गेला. त्याच्या दुकानाचं शटर खालीच असतं. मला करमत नाही, सरळ सांगते. रविवारी चर्चमध्ये मिसा झाली की टीचर माझ्याकडे येतात, आणि आम्ही तेच लग्न लावतो. मिस्टर ओरडतात, बाजूक सर म्हणतात. तो कप चाटत उभाच.

"रवांदे त्याका थंय," टीचर पडद्याला सांगतात.