खाण्याची पेटी वेगळी

राग आला की माणसं आवाज चढवतात. माझ्या आत्याचा आवाज उतरायचा. इतका, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे, आणि ऐकल्यावर आपण वाकलो कशाला असं त्याला होई. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी चांगलंच बोलणार आहे. आत्या जन्मभर रागावलेली होती आणि तिचा राग खरा होता. आमच्या घरात बाकी कुणालाच राग आला नाही, याचा मला आता राग येतो.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. धसईला दिलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून माहेरी परत आली. माहेर म्हणजे डोळखांबच्या पुढे डोंगराला टेकलेलं आमचं गाव. भाताची खाचरं भावांनी वाटून घेतली आणि तिला दिली वरकस, म्हणजे उतारावरची मुरमाड जमीन, नाचणीपलीकडे जिथे काही पिकत नाही. तिच्या खालच्या अंगाला धरणाच्या फुगवट्याचं पाणी. पुढे ठाण्या-मुंबईच्या लोकांना पाण्याकाठी तंबूत झोपायची हौस लागली आणि सगळ्या भावकीत मोलाची ठरली ती हीच जमीन. "गचाळ म्हनून मला दिली," आत्या म्हणायची, "आता सगळ्यांना तिथंच झोपायचंय."

तंबूंची कल्पना माझ्या चुलतभावाची, नितीनची. पाहुणे तो आणायचा, फोटो तो टाकायचा. मी आटगावला राहते, ठाण्यात नोकरी करते, सुट्टीच्या दिवशी मदतीला जायचे. तंबू ठोकायला, पाणी भरायला, सरपण आणायला गावाबाहेरच्या वाडीवरची माणसं यायची. आणि चूल आत्याची. भातकापणी झाली की तंबू उभे राहायचे ते उन्हाळा संपेपर्यंत. तिथे वीज नव्हती. म्हणजे मासे, कोंबडी, दही, पनीर, जे काही पाहुण्यांना घालायचं ते बर्फात ठेवायचं. भांडण सुरू झालं ते इथून.

नितीनने पहिल्या हंगामात मोबाइलवरून एक पेटी मागवली. काळी, चाकांची, ओढायला दांडी, झाकणावर पेले ठेवायला खळगे. मला ती आवडली होती, खोटं कशाला सांगू. आत्याने झाकण अंगठ्याने दाबलं. ते आत गेलं आणि टप् करून वर आलं. संध्याकाळी बर्फ आणि सुरमई भरली, पेटी तंबूत ठेवली. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तसा तंबू भट्टीसारखा तापला. नितीन बाहेरून ओरडून सांगत होता की पेटी चांगली थंड आहे, कंपनीने लिहिलंय तसं. आत्याचा आवाज उतरला. "थंड हाय म्हंजे काय? हात घालून सांग."

त्याने हात घातला आणि तसाच धुवायला गेला. मासे तिने खड्ड्यात पुरले, वर राख टाकली आणि पाहुण्यांना पिठलं-भाकरी वाढली. पाहुणे खूश झाले, गावचं जेवण म्हणून फोटो काढले. नितीनला वाटलं, निभावलं. आत्या मात्र पुढचे दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाहुणे खूश झाले म्हणजे चूक मिटली, हा हिशेब तिला मान्य नव्हता. हात घालून सांग, हे तिचं वाक्य मग आमच्या डोक्यावर बसलं. तंबू घट्ट बसलाय? हात घालून सांग. पोराला ताप नाही? हात लावून सांग.

पुढच्या आठवड्यात ती मला घेऊन शहापूरच्या बाजारात गेली. नितीनही मागे मागे आला. दुकानदाराने पिकनिकच्या रंगीत पेट्या मांडल्या. आत्याने एकेकीची भिंत बोटाने वाजवली, झाकणं दाबली. मग पदराचं टोक झाकणात धरलं, झाकण लावलं आणि पदर ओढला. पदर सुळकन बाहेर आला. "हितून पदर येतो तर ऊन नाय जायचं आत?" असं म्हणत तिने एकेक पेटी बाजूला सारली. कोपऱ्यात कोळणी वापरतात तशा जाड भिंतींच्या, भरड पेट्या होत्या. त्यातल्या एकीने पदर धरला तो सोडेना. दुकानदार म्हणाला, आजी, ती मच्छीची आहे, तुम्हाला पिकनिकची हवी ना? त्यावर पिकनिकला आलेली माणसं मच्छी खात नाहीत का, एवढंच तिने विचारलं.

नितीनला सगळ्यात मोठी पेटी हवी होती, आणि काळी, तंबूंना शोभणारी. आत्या म्हणाली, काळं ऊन पितं आणि रिकामी जागा बर्फ खाते. तिने पांढरट रंगाच्या, मध्यम मापाच्या पेट्या काढायला लावल्या. बुडाशी पाणी सोडायचं बूच आहे का ते वाकून पाहिलं, बूच काढून पुन्हा लावलं. भरल्यावर दोघींना उचलता येईल का, हे बघायला दुकानातली तांदळाची गोणी एकीत ठेवून ती माझ्याबरोबर उचलून पाहिली. शेवटी एकीवर बसली. पेटी कुरकुरली नाही. मग म्हणाली, दोन घ्या. एक पाण्याच्या नि सरबताच्या बाटल्यांची, ती कुणीही कितीही वेळा उघडा. दुसरी खाण्याची, ती फक्त मी उघडणार. खाण्याची पेटी वेगळी. दुकानदार हसला, नितीन चिडला, पण घेतल्या दोनच.

ती सगळंच बरोबर करायची असं नाही. बर्फाची लादी फोडून माशांवर टाकली की वितळलेलं पाणी सगळ्यात मुरायचं. पाण्याच्या बाटल्या घरच्या फ्रीजमध्ये गोठवून त्याच रचू, नंतर प्यायलाही होतील, असं मी सुचवलं तर तिने मला उडवून लावलं. महिन्याभराने तीच सगळ्यांना सांगत होती की बाटल्या गोठवायची युक्ती तिची. आणि तिचा राग कधी कधी चुकीच्या माणसावर पडायचा. एकदा एक बाई तान्ह्या मुलासाठी दूध मागायला भर दुपारी आली. पेटी आता उघडणार नाही, म्हणून आत्याने तिला परत पाठवलं. बाई रडत तंबूत गेली. मी आत्याला भरपूर बोलले. तिने ऐकून घेतलं, वाडीवर जाऊन शेळीचं ताजं दूध आणलं, तापवून त्या बाईला दिलं. माफी मागितली नाही. पेटीही उघडली नाही.

पुढच्या वर्षी चैत्रात मोठा गट आला. एका ऑफिसातली माणसं, बायकामुलं. त्यांनी स्वतःची पेटी आणली होती, आतमध्ये मसाला लावलेली कोंबडी, मलई, कापलेली फळं, आणि त्याच पेटीत थंड पेयांचे डबे. दिवसभर मुलं झाकण उघडत होती, लावत नव्हती. पेटी उन्हात. आत्याने दोनदा सांगितलं, सावलीत घ्या, ओलं गोणपाट टाका. त्यांचा पुढारी गोड हसून हो म्हणाला आणि पाण्यात पोहायला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी निघताना त्याने झाकण उघडलं. बर्फ कुठेच नव्हता. कोंबडीचं गुलाबी पाणी फळांवरून फिरत होतं. त्याने नाक मुरडलं, झाकण लावलं आणि नितीनला म्हणाला, आमच्या काही उपयोगाचं नाही, फेकायचं जिवावर येतं. "ते तंबूवाले आहेत ना तुमचे, त्यांना देऊन टाका. त्यांना पचतं."

नितीनने वाडीवरच्या माणसांना हाक मारली. ती दोघं-तिघं तंबूची दोरी गुंडाळत होती, उठून आली. कुणी चांगल्या मनाने देतंय असंच त्यांना वाटलं असणार. आत्या चुलीपाशी होती. ती आली, पेटी उघडली, तिने एक ताट घेतलं आणि डावाने त्यातली कोंबडी ताटात वाढली. ताट पुढाऱ्यासमोर धरलं. काय म्हणते ते ऐकायला तो वाकला.

"आदी तुमी खा. माझ्यासमोर."

तो हसला. म्हणाला, मावशी, हे खराब झालंय. तेव्हा तिने वाडीवरच्या माणसांकडे बोट केलं. "मंग त्यांच्या पोटात काय दगूड हाय?"

पुढाऱ्याची बायको गाडीत जाऊन बसली. आत्याने ताट धरूनच ठेवलं. तो काही खाईना, हे बघून तिने पेटी ओढत खड्ड्याशी नेली, सगळं ओतलं, माती लोटली आणि रिकामी पेटी त्याच्या गाडीपाशी नेऊन ठेवली. परत हितं येऊ नका, म्हणाली. नितीन त्याच्यामागे धावला, हात जोडून म्हाताऱ्या बाईचं डोकं ठिकाणावर नाही असं सांगू लागला. ते मी माझ्या कानांनी ऐकलं. गाडी गेल्यावर तो आत्याकडे वळला, उद्यापासून चुलीवर दुसरी बाई आणतो म्हणाला. आत्या म्हणाली, आण. फक्त चूल माझ्या जमिनीवर हाय, ती उचलून ने तुझ्या खाचरात.

संध्याकाळी आम्ही दोघी भांडी घासत होतो. मी विचारलं, एवढा राग? तेव्हा तिने मला ते सांगितलं, जे आमच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

तिच्या लग्नातलं. वैशाखातलं लग्न, मोठा मांडव, गावजेवण. भात उरला, वाटाण्याची आमटी उरली, हंडे झाकून अंगणातच राहिले. दुसऱ्या दिवशी ती सासरी निघाली तेव्हा आमटीला फेस आला होता. आजीने ते आजोबांना दाखवलं. आजोबा म्हणाले, फेकून पाप कशाला घ्यायचं, वाडीवर पाठवा, त्यांना चालतं. हंडे गेले. वाडीवर आत्याची लहानपणची मैत्रीण होती, चिमी. दोघी बरोबर जंगलात लाकडं आणायला जायच्या. हळदीला रात्रभर गाणी म्हणून चिमीचा घसा बसला होता. तिने ते जेवण खाल्लं, तिच्या धाकट्या भावाने खाल्लं, अजून पुष्कळांनी. चिमीला उलट्या लागल्या त्या थांबल्याच नाहीत. आत्या पहिल्या फेरीला माहेरी आली तेव्हा तिला कळलं की चिमी नाही. घरातले म्हणाले, उन्हाळ्याची साथ होती.

"साथ," आत्या म्हणाली. "ती साथ आपल्याच हंड्यातनं गेली गो."

मी वडिलांना विचारलं. त्यांना माहीत होतं. ते तेव्हा जाणते होते, हंडे बैलगाडीत चढवायला त्यांचाच हात लागला होता. ते म्हणाले, तेव्हा तसंच होतं, सगळेच देत. आणि वर्तमानपत्र उघडलं. मी ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं. तेवढ्यात आईने मला आत बोलावलं. आमच्या घरात सगळ्या गोष्टी अशाच संपतात, कुणीतरी कुणाला तरी आत बोलावतं.

आत्या चुलीवरून हलली नाही. उलट तिने नवा नियम घातला. पेटीतलं पहिलं काढलं की तंबू ठोकणारी माणसं आधी जेवणार, पाहुणे नंतर, एकाच पातेल्यातलं. नितीन कुरकुरला, पण जमीन तिची होती. वाडीवरची माणसं सुरुवातीला अवघडून बसायची, लांब. आत्या ताटं हातात घेऊन उभी राहायची आणि जवळ येईपर्यंत वाढायची नाही.

गेल्या पावसाळ्यात भात निसवून लोंब्या बाहेर येत होत्या तेव्हा आत्या गेली. दोन दिवस छातीत दुखतंय म्हणत होती. शहापूरला नेईपर्यंत वाटेतच गेली. दहाव्याला घर माणसांनी भरलं. नितीन सगळ्यांना सांगत होता की तिच्यामुळेच आमचे तंबू नावारूपाला आले. ते ऐकून मला उठून जावंसं वाटलं.

तेवढ्यात अंगणाच्या कडेला, कुडापाशी, एक म्हातारा येऊन उभा राहिला. काकांनी त्याला ओटीवरूनच, बस तिकडे, चहा पाठवतो, असं सांगितलं. माझं डोकं फिरलं. मी ओटीवर खुर्ची मांडली, त्याचा हात धरून त्याला आणून बसवलं आणि चहा दिला. काका बघत राहिले. म्हाताऱ्याने सांगितलं, तो वाडीवरचा, चिमीचा धाकटा भाऊ. त्याच जेवणातून वाचलेला. मी त्याच्यापुढे बसले आणि म्हटलं, बाबा, तुमची बहीण कशाने गेली ते मला माहीत आहे.

"आमाला बी ठावं हाय," तो म्हणाला. "तुज्या आत्यानंच सांगितलं."

कधी, असं मी विचारलं. तो सांगू लागला. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली त्याच वर्षी, वैशाखात, एकटी वाडीवर आली. त्यांच्या दारात मातीत बसली आणि म्हणाली, आमच्या घरच्या अन्नाने चिमी गेली. तोवर वाडीवरही सगळे साथच म्हणत होते. म्हाताऱ्याची आई तेव्हा जिवंत होती.

"आई लय भांडली तिच्यासंगं. तोंडाला येल ते बोलली. तुजी आत्या हू की चू नाय. खाली मान घालून ऐकत बसली. मंग दरसाल यायची, त्याच दिवसाला. आई भांडायची, ती ऐकायची. आई मेली तवा यायची थांबली."

वडील आतल्या दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते मागे वळले. मी त्यांना हाक मारली. म्हटलं, बाहेर या, यांच्यासमोर बसा. ते म्हणाले, पाहुणे आहेत, नंतर बघू. आईने मला आत बोलावलं. मी गेले नाही. मी पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा, सगळ्यांदेखत, शेवटी ते आले आणि म्हाताऱ्यासमोर बसले.

म्हाताऱ्याने कपबशी खाली ठेवली. वडिलांकडे बघत चिमी कशी होती ते सांगायला सुरुवात केली. ती गाणी कुठली म्हणायची, लाकडाची मोळी डोक्यावर असताना कशी पळायची. तो सावकाश सांगत होता आणि त्याचं बरंच सांगायचं राहिलं होतं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. तो थांबेपर्यंत मी कुणालाच उठू दिलं नाही.