चौथ्या मजल्यावरचं अंगण

माझी थोरली बहीण सरलाताई ठार आंधळी. पण रायपूरच्या गुढियारी भागातल्या रेल्वे क्वार्टरमध्ये चहा संपेपर्यंत पाहुण्यांना ते कळायचं नाही. चालताना ती चुटकी वाजवायची. आवाज भिंतीवरून परत आला की वळायची, नाही आला की समोर मागचं दार आहे हे ओळखून सरळ अंगणात उतरायची. ते दार दिवसा कधी लागलंच नाही.

भाऊजी वारले आणि क्वार्टर सोडावं लागलं. मुलगा यशदीप तिला नव्या रायपुरात फ्लॅटवर घेऊन गेला. बाल्कनीला रेलिंग अजून बसायचं होतं. बिल्डर रोज 'उद्या' म्हणायचा. तिथं चुटकीचा अंदाज येईना. ताई भिंतींवर आपटायला लागली, मग पलंगावरून उठेचना. जेवणसुद्धा टाकलं.

यशदीप धुमालच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या बँडच्या साउंडवर काम करणारा. क्वार्टरची चावी परत देण्याआधी त्यानं आत फुगे फोडून, तो आवाज खोलीत कसा घुमतो ते रेकॉर्ड करून ठेवलं होतं. आता फ्लॅटचा स्वतःचा आवाज दाबायला हॉलला जाड पडदे, छताला माइक आणि सगळीकडं स्पीकर लावले. ताईनं चुटकी वाजवली की उत्तर जुन्या खोलीचं यायचं. पण अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! फुगे फोडताना मागचं दार उघडंच होतं. ते लावायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नसतं. आणि ती उघडी, आवाज परत न देणारी बाजू नेमकी बाल्कनीवर आली.

ताई मात्र दोन घास जास्त जेवायला लागली.

"हेच माहं घर. बंद नको करू रे, नाहीतर मी खरंच आंधळी होईन."

"यश, बाल्कनीकडं भिंतीचा आवाज टाक ना बाबू," मी म्हटलं.

"मावशी, टेन्शन मत लो. कडी लगी है."

रविवारी मी आणि यशदीप भाजी घेऊन परतलो, तर ताई बाल्कनीच्या उंबऱ्यावर उभी. हातात तांदळाच्या धुवणाचं गंज-पातेलं, अंगणात ओतायला निघालेली. कडी काढलेली.

"काहून लावलं होतं रे दार?" ती हसून म्हणाली.

यशदीपनं धावत जाऊन तिला धरायचं सोडून स्पीकरचा प्लग ओढला.

ताईनं चुटकी वाजवली. पुन्हा वाजवली. कुठल्याच बाजूनं आवाज परत आला नाही.

"यश, घर कुठं गेलं रे?" ती म्हणाली, आणि ते शोधायला तिनं पाऊल पुढं टाकलं.